तानुबाईच्या विहिरीवरची पाटी

मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली टीचभर पाटी नव्हे, मित्रांनो. डोणगावच्या कापूस बाजारातली, माणसाहून लांब, अस्सल सागवानी. महाराष्ट्र नवानवा झाला तेव्हा अब्दुल गनी मिस्त्रींनी मला रंधा मारला, काजळी फासली आणि भगवंतराव अडत्यांच्या दुकानासमोर टांगलं. रोज माझ्यावर खडूने कापसाचा भाव लिहीत. भले भले पागोटेवाले माझ्यापुढे माना वर करून उभे राहत. तोरा होता मला, खोटं कशाला सांगू?

भावाची चाल मी अंगावर सोसून शिकले. एखादा भाव सकाळी पडतो नि सांजेला जागेवर येतो. ती नुसती शिंक. एखादा चढता चढता चार दिवस खाली येतो, पण मागच्या उतरणीत जिथे थांबला होता, त्या विसाव्याच्या खाली उतरत नाही. तो दम घेतो आणि पुन्हा चढतो. पण मागचा विसावाही मोडून जो खाली गेला, त्याने बहुधा पाठ फिरवली समजा. हे ओळखायचं तर मागचा आकडा डोळ्यांपुढे हवा. आणि आमचे भगवंतराव? रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसून हळदकुंकू लावायचे. शिळा भाव ठेवला तर लक्ष्मी रुसते म्हणे!

एका साली गावातल्या तानुबाई नावाच्या शेतकरणीने आपल्या शेतात विहीर खणली. पाणी लागलं, पण कडा मातीच्या. पावसाआधी दगडाने बांधली नाही तर ढासळणार. त्या बांधणीसाठीच तिने कापूस घरात राखला होता. चढता भाव उतरू लागला तशी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि भगवंतरावांना विचारू लागली.

"काहो भाऊ, हा दम घेऊन राह्यला का पाठ फिरवून राह्यला?"

"दम घेऊन राह्यला, बाई. काऊन घाबरते?"

"मांगच्या खेपेले कुठं थांबला होता?"

भगवंतरावांनी उपरणं झटकलं. "याच्या खालीच असंल. तू वावर पाह्य, भाव मले कळते."

असंल! मागचा विसावा याच्या वर होता. माझ्यावरच लिहिला होता, माझ्यावरूनच पुसला होता. पण लाकडाला तोंड कुठून आणू?

तिने कापूस ठेवला. मध्ये भाव जरा उठला. "पाह्य, म्हनलं नव्हतं?" अडते हसले. पहिल्या उंचीला न पोचताच तो बसला, तो उठलाच नाही. शेवटी कापूस मातीमोल गेला. मृगात कडा खचल्या, पाणी गाळाखाली गेलं. तानुबाई काठावर उभी होती. पुढे तिला हसताना कोणी पाहिलं नाही.

दुकानाला लोखंडी फलक आला. मला तानुबाईने अडत्यांकडून मागून आणलं आणि विहिरीभोवतीच्या काटेरी कुपाटीच्या खिंडीत आडवं टाकलं. म्हणाली, "आता तरी कोणाले अडव, मेले!"

मित्रांनो, तुम्ही पोरं माझ्यावर बसून, वाकून खाली विहिरीत खडे टाकता. मला वाळवी लागली आहे. वरून काळी कुळकुळीत दिसते, आत भुसा; तुमच्या भाराने कधी मोडेन नेम नाही. मला जपू नका, बदला. घरी जाऊन मोठ्यांना सांगा. मला सांगता येत नाही. तेव्हाही आलं नाही.