शिंगातलं पाणी

नात एउलालियाला पहिलं मूल झालं, त्या वर्षी मी वडिलांच्या पायदळ पलटणीतलं कुणी उरलंय का ते शोधलं. बोलिव्हियाशी झालेल्या चाकोच्या लढाईतून वडील पळाले, असं गाव म्हणे. हुतात्म्यांच्या दगडावर त्यांचं नाव नव्हतं.

डोन सिन्फोरियानो तेवढे हयात होते. त्यांनी तेरेरेचं, म्हणजे गार पाण्यात भिजवलेल्या पानांच्या पेयाचं, शिंग भरून माझ्या हाती दिलं.

"काका, खरं सांगा. बाबा पळाले?"

"आधी पी, पोरी. कोर्टात आलीस का?"

मी शिंग रिकामं करून त्यांना परत दिलं.

"वेढ्यात शेवटचं पाणी असंच फिरत होतं. तुझ्या बापाची पाळी आली, तर तो 'धन्यवाद' म्हणाला."

आमच्याकडे पुरेसं पिऊन झाल्यावरच तसं म्हणतात आणि शिंग पुढच्याकडे जातं.

"घोटही न घेता?"

"एकही नाही. सगळ्यांना वाटलं, लबाडाने पाणी लपवलंय. पहाटे तो दिसेना, म्हणून पळाला ठरला. जखमी होऊन परतलेल्यांनी गावात तेच सांगितलं."

"आणि खरं?"

"पाणी शोधायला गेला होता. वेढा उठल्यावर झुडपात सापडला. बुधली कोरडी ठणठणीत. मीच पुरला त्याला. तुमच्या गावातून विचारायला आजवर कुणी आलंच नाही."

आता डोन सिन्फोरियानोंच्या साक्षीवरून दगडावर त्यांचं नाव कोरलंय. माझे वडील एपिफानियो रोलोन डिसेंबर १९३३मध्ये चाकोत तहानेने वारले.