पाणी आधी

राहात्यातल्या त्या ज्युनिअर कॉलेजात स्नेहल नऊ वर्षं तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होती. म्हणजे तास झाला तर पगार, सुट्टी लागली की बेकारी. आज कायम जागेसाठी डेमो लेक्चर होतं. विषय, आम्लांचं पाण्यातलं आयनीभवन. ऐकायला संस्थेचे अध्यक्ष छगनअण्णा, शिक्षण नववी, पेरूची बाग आठ एकर. आणि बाहेरून आलेले विषयतज्ज्ञ. तज्ज्ञांचं लक्ष पोह्यांतल्या शेंगदाण्यांवर होतं.

तिच्या आधी आत गेलेला ओंकार, सुवर्णपदकवाला, चार मिनिटांत बाहेर आला. "क्रमाला अर्थ नसतो, एवढंच म्हणालो," तो म्हणाला. "तर म्हणाले, या आता."

स्नेहलनं आत जाऊन फळ्यावर लिहिलं:

H₂SO₄ + H₂O → H₃O⁺ + HSO₄⁻

"थांबा बाई," अण्णा म्हणाले. "आधी काय लिवलं?"

"सल्फ्युरिक ॲसिड."

"अन् मग?"

"पाणी."

अण्णांनी बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आक्रसलेली. "ड्रीपच्या नळ्या क्षारानं तुंबल्या हुत्या. साफ करायला ड्रममधी आधी ॲसिड वतलं, मग पाणी. तुमी लिवलंय तसंच. उसळून अंगावर आलं. पाण्यात ॲसिड सोडायचं आसतं, ॲसिडात पाणी न्हाई. आमच्या गड्यालाबी ठावं हाय. पोरं भाजून काढता का काय?"

अधिकचं चिन्ह म्हणजे ओतणं नव्हे, काय आधी लिहिलं याला समीकरणात काडीची किंमत नाही, हे सगळं ज्ञान स्नेहलच्या जिभेच्या टोकाशी आलं. तिथे त्याला नऊ वर्षं आठवली आणि ते मागे फिरलं. तिनं तज्ज्ञांकडे पाहिलं. त्यांना नुकताच एक शेंगदाणा सापडला होता.

काडीची किंमत नाही, म्हणजे उलटं लिहिलं तरी बरोबरच. तिनं डस्टर उचललं.

H₂O + H₂SO₄ → H₃O⁺ + HSO₄⁻

अण्णांनी बाही खाली केली. "हळूहळू सोडलंय न्हवं?"

"थेंबाथेंबानं, अण्णा."

तज्ज्ञांनी 'समीकरण अचूक' असा शेरा मारून सही केली. त्या दिवसाच्या कागदपत्रांत तेवढंच एक निखळ सत्य होतं.

सोमवारी कायम शिक्षिका म्हणून पहिला तास. पुढच्या बाकावरच्या मोनिकानं हात वर केला. "मॅडम, पुस्तकात ॲसिड आधी आहे."

"पुस्तकाला बाग नाही," स्नेहल म्हणाली. "लिहून घ्या."