शेवटचं अर्धं पान

चिंचवडच्या आमच्या वाचनालयात दिवाळी अंक यायचा एक आणि वाचणारे होते एकेचाळीस. एकेक जण पंधरा पंधरा दिवस अंक धरून बसायचा. शेवटच्याच्या हाती तो पडेपर्यंत पुढची दिवाळी उलटून जायची. म्हणून मी एक युक्ती काढली. अंक आला की टाके उसवायचे, त्याचे तीन भाग करायचे, प्रत्येक भागाला तपकिरी कागदाचं वेष्टण खळीनं चिकटवायचं आणि वर ठळक लिहायचं: भाग पहिला, भाग दुसरा, भाग तिसरा. रजिस्टरातला देवघेवीचा आकडा असा फुगला की पुण्याहून तपासायला आलेल्या साहेबांनी शेऱ्यात माझ्याबद्दल ‘कल्पक’ असा शब्द लिहिला. तो शब्द मी पुढे दोन वर्षं येईल त्याला दाखवत होतो.

मी स्वतः वाचत नाही. मोजतो. कोण काय नेतो, किती दिवसांनी आणतो, कुठल्या पानाला हळदीचं बोट लागलंय, एवढ्यावर मला माणूस कळतो. आमचे सोपानराव फक्त राशिभविष्य वाचतात. स्वतःचं वाचून झालं की बायकोचं बघतात, आणि तिचं चांगलं निघालं तर अंक घरी न नेता इथेच ठेवून जातात.

रजिस्टरातलं सगळ्यांत स्वच्छ पान झुलेखाचं. चांदभाई नालबंदांची ही मुलगी, वय सतरा, सातवीच्या फायनलला केंद्रात पहिली. पुस्तक सातव्या दिवशी परत, ना डाग, ना दुमडलेला कोपरा. तिच्या आईला, रहिमाबीला, अक्षरओळख नव्हती, म्हणून पोरगी घरी सगळं मोठ्यानं वाचायची. रहिमाबी बाजारात भेटली की गोष्टीतल्या माणसांवर असं तोंडसुख घ्यायची, की ती माणसं थेरगावातच कुठेतरी राहत असावीत.

चांदभाईंचं काम मुंबई रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली. बैल आडवा पाडायचा, पाय बांधायचे आणि खुरांना पत्र्या ठोकायच्या. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहिला, मालमोटारी वाढल्या, तसे दिवसाला आठ बैल यायचे ते आठवड्याला दोनावर आले. छप्पन साल उजाडताना त्यांनी ठरवलं, फेब्रुवारी संपली की घर हलवायचं. भिवंडीला भावाचे माग होते. बाप मागावर उभा राहणार आणि झुलेखा मागासाठी सुताच्या कांड्या भरणार.

त्याच सुमारास पुण्याच्या एका भगिनी मंडळाचं पत्रक वाचनालयात आलं. यंदाच्या दिवाळी अंकातल्या एका कथेचं रसग्रहण लिहून पाठवायचं. निवडलेल्या दोन मुलींना ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं शिकवणार, राहण्याजेवण्याची सोय मंडळाची. मुलीनं अमुक अंक वाचला आहे असा ग्रंथपालाचा दाखला सोबत हवा. चांदभाईंनी एका वाक्यात निकाल दिला होता. नंबर लागला तर पोरगी पुण्यात राहून मास्तरीण होईल, नाही लागला तर सामानाबरोबर गाडीत बसेल.

झुलेखानं भाग पहिला नेला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो सातव्या दिवशी परत आणला नाही. तेराव्या दिवशी तो घेऊन आली ती साडेपाच पानं लिहूनच. दाखल्यावर सही करण्यापूर्वी मी ती वाचली. सही करायची म्हणजे माल बघायला हवा.

कथा साधी होती. एका बाईचा नवरा आगबोटीवर नोकरीला जातो आणि परत येत नाही. ती रोज एक भाकरी जास्तीची थापते, फडक्यात गुंडाळून शिंक्यात ठेवते आणि सकाळी स्वतः शिळी खाते. शेजारणी हसतात. झुलेखानं पाच पानं त्या एका भाकरीवर लिहिली होती. ती गरम असताना कोणासाठी असते आणि शिळी झाल्यावर कोणाची होते. शेजारणी हसतात त्या का हसतात; त्यांच्याही घरात एकेक भाकरी आहे म्हणून. शेवटच्या अर्ध्या पानात तिनं लिहिलं होतं, ‘लेखिकेने नवऱ्याला परत आणले नाही. आणला असता तर ही एका घराची गोष्ट झाली असती.’

मी वाचत नाही म्हणालो, पण त्या दिवशी कागद खाली ठेवून जरा वेळ बाहेर रस्त्याकडे बघत बसलो. रहिमाबीचा थोरला, लालमहंमद, आठ वर्षांपूर्वी गोदीत काम बघतो म्हणून मुंबईला गेला आणि तिथून कराचीला. एक पत्र आलं, मग नाही. रहिमाबी रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवते हे सगळ्या आळीला माहीत होतं.

मी सही ठोकली आणि पाकीट टपालात टाकायला माझ्याकडेच ठेवून घेतलं. शनिवारपर्यंत ते पुण्यात पोचायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी मंजुळाबाई भाग दुसरा परत करायला आल्या. मास्तरांची बायको, बोलायला तिखट. म्हणाल्या, “बबनराव, तुमच्या या भागात पहिल्याच पानावर एक दाढीवाला बसून शिळी भाकरी खातोय आणि बायको रडतेय. कोण हो हा? आगापिछा काही आहे की नाही?”

मी लगेच कपाट उघडलं. पहिला भाग काढला, शेवटच्या पानाच्या तळाशी चिकटवलेली वेष्टणाची पट्टी पाण्याचं बोट लावून सोडवली. खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं, ‘पुढे चालू’. वाक्य नेमकं पानाखाली संपत होतं, उसवायची जागाही नेमकी तिथेच आली होती आणि उरलेलं माझ्या खळीनं झाकलं होतं. नवरा परत येत होता. दीड पानात तो भाकरी खात होता, हसत होता आणि कथा संपत होती.

दुसरा भाग आणि पाकीट घेऊन मी नालबंदांच्या घरी गेलो. चांदभाई बाहेर गेले होते. रहिमाबी ओट्यावर भांडी पोत्यात भरत होती. मला बघून तिनं पाट दिला आणि आपणहून सांगायला लागली, की पोरीनं ती गोष्ट वाचून दाखवली त्या दिवसापासून तिनं लालमहंमदचं ताट बंद केलंय.

“त्या बाईचा न्हाई आला,” ती म्हणाली, “तवा मलाबी वाटलं, फुरं झालं आता. आठ वर्षांत पयल्यांदा पोटभर झोपले, बबनराव.”

मी झुलेखाला मागच्या अंगणात बोलावलं आणि दुसरा भाग तिच्या हातात दिला. तिनं उभ्यानं दीड पान वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“म्हणजे येतो तो,” ती म्हणाली. अंक मिटून म्हणाली, “काका, मग माझं सगळंच फिरलं. मला आजचा दिवस द्या. पहिल्यापासून विचार करते.”

दिवस देता आला असता. शुक्रवारच्या सकाळच्या गाडीनं मी स्वतः पुण्याला जाऊन पाकीट पोचवलं असतं. पण मला ते प्रकरण त्याच घटकेला मिटायला हवं होतं. उद्या ही मंजुळाबाईंशी बोलली, परवा ते साहेबांच्या कानावर गेलं, तर ‘कल्पक’ शब्दाचं काय झालं असतं ते मला दिसत होतं. मी म्हणालो, टपाल चारला जातं, पाच पानं आहेत तशीच राहू देत, शेवटचं अर्धं तेवढं बदल. तिला सुचेना. तेव्हा मी सांगायला लागलो आणि ती लिहायला लागली. बक्षीस समारंभांत ऐकलेलं सगळं माझ्या तोंडी आपोआप येत गेलं. ‘अखेरीस पतीचे पुनरागमन होते व स्त्रीच्या तपश्चर्येला फळ येते. धीर धरणाऱ्याचा माणूस परत येतोच, हा संदेश लेखिकेने दिला आहे.’ मी खणखणीत आवाजात सांगत होतो, सवय आहे तशी.

मागच्या दारात भांड्याचा आवाज झाला. रहिमाबी हातात तांब्या घेऊन उभी होती.

“आला व्हय तो?” तिनं विचारलं.

झुलेखानं माझ्याकडे पाहिलं. रहिमाबी आत गेली. निघताना मला ओट्यावरून दिसलं, तिनं पोत्यात भरलेलं एक ताट परत काढून पुसायला घेतलं होतं.

निकाल वीस फेब्रुवारीला आला. नकाराचं पत्र दाखला देणाऱ्याच्या नावे, म्हणजे माझ्या नावे होतं. ‘पहिली पाच पाने आलेल्या सर्व लेखनांत सरस आहेत. शेवटचे अर्धे पान मात्र कोणा पोक्त व्यक्तीने सांगितलेले स्पष्ट दिसते. संपूर्ण लेखन उमेदवाराचे स्वतःचे असल्याची खात्री न वाटल्याने विचार करता आला नाही.’

मी मंडळाला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्यात खळीपासून सगळं कबूल केलं. तिन्हींना मिळून एकच उत्तर आलं, निवड पूर्ण झाली आहे.

झुलेखाला मी ते नकाराचं पत्र वाचायला दिलं. तिनं ते सावकाश वाचलं, घडी होती तशी घातली आणि माझ्या टेबलावर ठेवलं. मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाली, “काका, ती पाच पानं त्यांनी परत पाठवली का?”

नव्हती पाठवली. तिनं मान हलवली आणि भाग दुसरा जमा केला. मी तारीख टाकली. त्या पुस्तकालाही डाग नव्हता.

त्यांची मालमोटार आकुर्डीच्या बाजूनं आली, पहाटे नव्हे, चांगली दहा वाजता, सगळ्यांच्या देखत. पोती चढली, ऐरण चढली. झुलेखा मागे सामानावर बसली आणि तिनं वाचनालयाकडे पाहिलं नाही. रहिमाबी मात्र रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. हातात भिवंडीचा पत्ता लिहिलेला कागद होता, झुलेखाच्या अक्षरात.

“पोरगा इथंच इल,” ती म्हणाली. “त्याला आमचाच दरवाजा ठावं हाय. कुलूप बघून माघारी जाईल, बबनराव. तुमी बसलेले असता. एवढं सांगा त्याला.”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो. धीर धरणाऱ्याचा माणूस परत येतोच, हे माझंच वाक्य होतं.

कागद मी वाचनालयाच्या दाराला आतून चिकटवला, त्याच खळीनं. दोनदा अक्षर फिकं झालं तेव्हा शाईनं गिरवलं. आता आमच्याकडे दिवाळी अंक दोन येतात आणि मी ते उसवत नाही. शिपाई बदलला, दाराला रंग दिला, तेव्हा रंगाऱ्याला मी तेवढी जागा सोडायला लावली. तो पत्ता अजून कोणी विचारलेला नाही.