एल बांकोचा बदनाम काटा

मित्रांनो, मी एक जुना वखारीचा काटा आहे, आणि आमच्या एल बांको गावात कुणालाही विचाराल तर तो सांगेल की मी खोटारडा आहे. माझ्या लाकडी पाटाला फट गेली आहे, पितळी दांडी हिरवी पडली आहे. त्याचे मला काही वाटत नाही. म्हातारपण कुणाला चुकले आहे? पण जन्मात एकदाही खोटे न बोललेल्या काट्याला गावाने खोटारडा म्हणावे, याची चीड मात्र अजून जात नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून जहाजाने बारांकिया बंदरात आणि पुढे आगबोटीने माग्दालेना नदीतून मी इथे आलो. दुकानदार डॉन एलादिओ पुपो (डॉन म्हणजे आमच्याकडचे 'राव') यांनी मला आपल्या वखारीच्या दारात उभे केले. कातडी, तंबाखू, चीज, खारवलेले मासे, सगळे माझ्या पाटावरून गेले. माझे काम सोपे आहे. पाटावर माल ठेवायचा आणि दांडीवरचा गोळा सरकवायचा. दांडी आडवी होऊन स्थिर राहिली की जो आकडा दिसेल तोच खरा.

मालक माणूस वाईट नव्हता. उलट फार चांगला होता, आणि तिथेच घोडे पेंड खात होते. आमच्याकडे न्यापा नावाची एक रीत आहे. माल मापून झाला की दुकानदाराने वर एक मूठ घालायची, ती फुकट. न्यापा न देणाऱ्या दुकानदाराच्या मयताला खांदेकरी मिळत नाहीत, असे आमच्याकडे म्हणतात. डॉन एलादिओंना खांदेकऱ्यांची फार काळजी असावी, कारण त्यांची मूठ चांगलीच मोठी होती. दांडी स्थिर झाली, आकडा वाचला, की मूठ वर पडलीच. मी तेव्हा मनावर घेत नसे. तांदळावर मूठभर तांदूळ जास्त गेले म्हणून कुणाचा जीव जात नाही.

मग समुद्रापलीकडचे मोठे युद्ध संपले. लढाईत विमाने उडवणारे कितीतरी लोक रिकामे झाले, आणि त्यांतले काही आमच्या नदीवर आले. त्यांच्या पत्र्याच्या विमानाला चाकांऐवजी दोन होड्या होत्या. आगबोटीला जिथे आठवडा लागे, तिथे ते सकाळी उडून दुपारच्या आत पोहोचे. गावात दुसरा मोठा काटा नव्हता, म्हणून विमानाची कचेरी आमच्याच वखारीत आली. मालक कंपनीचे प्रतिनिधी झाले आणि उतारूंनाही माझ्यावर उभे करू लागले.

वैमानिक लोथार नावाचा उंच, लालबुंद जर्मन होता. पहिल्याच दिवशी त्याने माझी दांडी बोटाने हलवून पाहिली आणि मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "हा काटा छान. हा खरं बोलतो, तर मी उडतो. हा खोटं बोलतो, तर मी मासा."

मित्रांनो, एवढे कौतुक माझे कुणी केले नव्हते. त्या दिवशी मला वाटले, आपण आता नुसते चीज तोलणारे राहिलो नाही.

पण सवय कुठे सुटते? "बूट काढा हो, बूट न्यापात," असे मालक उतारूंना सांगत. पार्सल पाच किलो भरले की पावतीवर पाच लिहीत, आणि मग म्हणत, "आता घाला त्यात लेकीसाठी चिजाचा तुकडा. आपलंच विमान आहे." मी दांडी वर उचलून धरी. ती खाली यायला तयार नसे, पण तोवर आकडा लिहून झालेला असे आणि मालकांची पाठ माझ्याकडे असे. काट्याला तोंड नसते हो. दांडी असते, आणि तिच्याकडे कुणी बघितले तरच तिचा उपयोग.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत कांदेलारिया देवीची मिरवणूक निघाली. त्या गर्दीत एका पिसाळलेल्या कुत्र्याने आमच्या शाळेच्या बाई, सेन्यो बेत्साबे, यांच्या पोटरीचा लचका तोडला. औषधवाले डॉन फाब्रिसिओ जखम धुता धुता म्हणाले, "सेन्यो, माझ्याकडे यावर काही नाही. लस बारांकियात. आणि उशीर झाला तर तिथेही काही नाही." नदी आटली होती. खाली जाणारी आगबोट वाळूत रुतून बसली होती. राहिले होते ते आठवड्याचे विमान, आणि ते दोन दिवसांनी येणार होते.

विमान यायच्या दिवशी सकाळी बाई माझ्यावर उभ्या राहिल्या. पायाला फडके बांधलेले, चेहरा पांढराफटक. दांडी बावन्नवर स्थिर झाली. मालकांनी त्यांना न्यापा दिला नाही. द्यायला बाईंच्या हातात पिशवीसुद्धा नव्हती.

पण देवीच्या सणाचा प्रसाद बारांकियातल्या लेकीसुनांना पाठवायला अर्धे गाव दारात लोटले होते. गूळ, चीज, नारळाची मिठाई. सगळ्यांची पार्सले मी नीट तोलली, आणि सगळ्यांवर मालकांची मूठ पडली. दोन पोती शिवली गेली, त्यांवर लाखेचे शिक्के बसले. कागदावर चाळीस किलो. मला विचाराल, तर सत्तरला थोडेच कमी.

विमान आले, भरले, आणि धावू लागले. वारा नव्हता, पाणी तेलासारखे निपचित. होड्या पाण्याला चिकटून बसल्या. लोथार परत फिरला, पुन्हा धावला, पुन्हा तेच.  तिसऱ्यांदा तो विमान धक्क्याला लावून उतरला आणि कागद हलवत म्हणाला, "कागद म्हणतो, उडतो. पाणी म्हणतं, नाही. आता ऊन येतं, इंजिन तापतं. एक माणूस खाली."

"पोती काढा की," औषधवाले म्हणाले.

"पोत्यांना शिक्का. टपाल सरकारचं. माणूस खाली."

आत दोनच उतारू होते. दुसरे होते गुरांचे व्यापारी डॉन निकानोर लोबो. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "माझं तिकीट महिन्यापूर्वीचं आहे. सेन्योंना देव बरं करो. पण ज्याचं तिकीट शेवटचं, त्यानं उतरायचं. नियम मी नाही केला."

 बाईंनी दुखरा पाय आधी बाहेर काढला आणि धक्क्यावर ठेवला.

मी वखारीच्या दारातून हे सगळे पाहत होतो. ओरडता आले असते तर छपराची कौले उडवली असती. तीस किलो! तीस किलो तुमच्या चांगुलपणाचे त्या पोत्यांत बसले आहेत, मालक, आणि बाई त्यांच्यासाठी उतरत आहेत! गावाच्या ज्या लेकींसाठी चीज चालले होते, त्या लेकींना मुळाक्षरे याच बाईंनी शिकवली होती. मालक हातातली टोपी चुरगाळत उभे होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी बाईंच्या पायाकडे पाहिले, पोत्यांकडे पाहिले, मग वळून माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता बोलतील.

ते बोललेही.

"थांबा," मालक म्हणाले. "पोती जड आहेत. माझा काटा बिघडलाय. कमी दाखवतो."

लोथारने एक पोते हाताने उचलून पाहिले, जर्मनमध्ये काहीतरी कडक बोलला आणि दोन्ही पोती धक्क्यावर फेकली. सरकारी शिक्क्याची त्याने पर्वा केली नाही. बाईंना आत बसवले. विमान सुटले, उड्या मारत पाणी सोडले आणि वळणावरच्या झाडांवरून गेले. लोक टाळ्या वाजवत होते. कुणीतरी मालकांच्या पाठीवर थाप मारली, आणि माघारी येताना डॉन फाब्रिसिओंनी मला लाथ घातली. "बाईचा जीव घेत होतास, मेल्या," ते म्हणाले.

पुढच्याच फेरीला नवा काटा आला. मला मागच्या कातडीच्या कोठारात टाकले. वर्षानुवर्षे माझ्यावर विश्वास ठेवणारे शेजारी आता सांगू लागले की त्यांना पहिल्यापासूनच संशय होता. मला रात्रंदिवस एकच विचार छळे. मालकांना दोष माझ्यावर ढकलता आला नसता, तर ते बोलले असते का? आणि ते बोलले नसते तर? हा हिशेब काही जुळत नसे, आणि संताप आणखी वाढे.

महिन्याने बाई परत आल्या, बऱ्या होऊन. लंगडत थेट वखारीत शिरल्या.

"डॉन एलादिओ, इथे माझं वजन किती भरलं होतं?"

"बावन्न असेल. का हो, सेन्यो?"

"बारांकियात दवाखान्यात उतरल्या उतरल्या मला तोललं. तिथेही बावन्नच."

कोठाराच्या फटीतून मला मालकांची फक्त पाठ दिसत होती.  मग ते हळूच म्हणाले, "सेन्यो, तुम्ही जिवंत आहात ना? मग काट्याचं काय घेऊन बसलात?"

"काटा मला द्या," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून मी शाळेच्या ओसरीवर आहे. मुले माझ्यावर उड्या मारतात आणि घरून शिकून आलेलेच म्हणतात, की हा तो खोटारडा. बाई त्यांना समजावतात. मुले मान डोलावतात आणि पुन्हा तेच म्हणतात. नव्या काट्यावर आता मूठ पडत नाही, असे ऐकतो. मी ते पाहिलेले नाही.

अकरा वर्षांनी एका दुपारी मालक काठी टेकत शाळेत आले. वर्गात पाढे चालले होते, ओसरीवर कुणी नव्हते. त्यांनी बूट काढायला हात नेला, थांबले आणि बुटांसकटच माझ्यावर चढले. बोटाने गोळा सरकवला. दांडी स्थिर झाली. त्यांनी आकडा वाचला आणि मला म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

मग ते उतरले आणि निघून गेले. आतल्या पाढ्यांच्या गलक्यात त्यांचे शब्द कुणालाही ऐकू गेले नाहीत.

म्हणून मित्रांनो, एवढेच सांगणे आहे. मला तेलपाणी करा, पावसात ठेवू नका, हे तर आहेच. पण कधी तुमच्या हातून मूठ जास्त पडली, तर ती माझ्या माथी मारू नका. आणि चूक कबूल करायची असेल, तर ओसरीवर माणसे असताना करा.