मयूरकंठी की मधुवर्णी

चार वाजून दहा मिनिटे. मिरजेवर पौषातले पातळ, पिवळे ऊन उतरले होते, आणि विल्सन रणभिसेने पलंगावर दोन इलेक्ट्रिक गिटारी शेजारी शेजारी निजवल्या. एक मयूरकंठी, एक मधुवर्णी. एक घरी राहणार होती, दुसरी उद्या सांगलीच्या दुकानात परत जाणार होती.

भिंतीवर आधीच्या अकरा होत्या. अंजिरी, शेवाळी, शंखशुभ्र. लखलखत्या तारांच्या, लांबसडक मानांच्या अकरा मानिनी. ऑर्केस्ट्रात तीस वर्षे वाजवणारे हात विल्सनचे, पण निवड त्याची नव्हे. घरचा रिवाज असा, की त्याच्या बायकोने, चर्चच्या गायकवृंदाला सूर लावून देणाऱ्या सुवार्ताने, पाठ फिरवून बसायचे, रंग न पाहता ऐकायचे, आणि 'घरची' किंवा 'पाहुणी' एवढेच म्हणायचे.

तो कान आता मावळत होता. आधी कोकिळेची हाक ऐकू येईनाशी झाली. मग पाखरांसारख्या हलक्या साऱ्याच हाका. विल्सनने ओळखले होते, पण शब्द काढला नव्हता. भीती एकच: आज काही ऐकू न येताच, नुसते त्याचे मन राखायला, ती 'घरची' म्हणेल.

सुवार्ता पाठ फिरवून बसली. त्याने मयूरकंठी मांडीवर घेतली आणि न राहवून अॅम्प्लिफायरचा आवाज चढवला. स्वर गर्जत सुटला. तावदाने थरथरली, शेजारचे कुत्रे भुंकू लागले.

"अहो, तिला कशाला बोंबलायला लावताय?" ती वळलीसुद्धा नाही. "बहिरी होतेय मी. खुळी नाही."

विल्सन ओशाळला. "मला कळलंय, हे तुला ठाऊक होतं?"

"चहा मागतानासुद्धा भाषण ठोकल्यासारखं बोलता हल्ली! काढा ती वायर."

त्याने वायर काढली. ती जवळ आली, रंग दिसू नये म्हणून डोळे मिटले, आणि गिटारीच्या खांद्यावर हनुवटी टेकली. "वाजवा. हळू."

खर्जाची तार हलली. मुंगीच्या पावलांचा तो स्वर लाकडातून हाडात गेला, हाडातून आत, जिथे अजून उजेड होता तिथे. सुवार्ताचा चेहरा तळ्यासारखा हलला.

"आला," ती म्हणाली. "लाकडातनं आला."

"मग? घरची?"

"दुसरी बघितल्याशिवाय पहिलीला नाव देऊ नये. आणा."

त्याने मधुवर्णी आणली. तीच तार, तोच स्वर. पुन्हा, ती म्हणाली. मग पुन्हा. आता आधीची. आता ही.

पाच वाजून वीस मिनिटे. मधुवर्णीच्या खांद्यावर तिची हनुवटी आहे, विल्सनचे बोट खर्जाच्या तारेवर आहे. तिच्या गालावरची एक रुपेरी बट तारेबरोबर कापते आहे, मंद मंद कापते आहे. आणि 'घरची' अजून ओठांवर आलेली नाही.