आख्खी कॅप्सूल

आबारावांच्या दुपारच्या झोपेत रामलिंगचा ओढा यायचा. झाडीतून खाली उतरावं, पाणी हाकेवर यावं आणि पाय बुडवणार तोच जाग यावी. मग पुन्हा बेंबळीचं घर, पत्र्याचा उकाडा आणि निखाऱ्यावर ठेवल्यासारखे तळवे. चादरीचा काठ लागला तरी जीव जायचा.

दारू सुटून वर्ष उलटलं होतं, पण जाता जाता ती पायांच्या नसा जाळून गेली होती. पिणाऱ्याचं दुखणं गावाला ढोंगच वाटतं. धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंना तसं वाटलं नाही. दुखणं खरं आहे, त्या म्हणाल्या. कॅप्सूल सावकाश लागू पडेल, पण तिचीही सवय लागू शकते, म्हणून डबी बायकोकडे राहू दे.

बनाबाईंनी तेवढं सवयीचंच मनावर घेतलं. पूर्वी त्या नवऱ्याच्या बाटलीत गुपचूप पाणी घालायच्या. आता कॅप्सूल उघडून अर्धी भुकटी जास्वंदीच्या कुंडीत झटकायच्या आणि टोपण बसवून हातावर ठेवायच्या. जास्वंदीचं काही दुखत नव्हतं, तरी औषध चालू होतं. आबारावांना पाण्याचं कळायचं, तसं भुकटीचंही कळलं. पण उभा जन्म थापा मारल्यावर विचारायचं कोणत्या तोंडानं? निमूट गिळायचे. स्वप्नही त्यांना काठापर्यंतच नेऊन सोडायचं.

एका दुपारी जाग आली आणि ते झोपेतच असल्यासारखे चालत सुटले. गुत्त्याच्या दारात तो जुना वास आला, आणि तो त्यांना ओढ्यासारखा गार वाटला. ते फार घाबरले. तसेच मागे वळले आणि घरी येऊन उंबऱ्यावर बसले.

"बना, आख्खी देत जा. अर्धी तू कुंडीत टाकतीस, मला ठाव हाय. आज गुत्त्याच्या दारातनं माघारी आलो. उद्या येईन का न्हाय, सांगता येत न्हाय."

बनाबाईंनी डबी हातात घेतली. "अन् हिचीच चटक लागली तर?"

"म्हणून तर डबी तुझ्याकडं हाय."

त्या दिवसापासून कॅप्सूल आख्खी मिळू लागली. लगेच काही झालं नाही. आठवडे गेले. मग एका दुपारी ओढा आला, काठ आला, आणि पाय खरंच पाण्यात गेले. आबारावांनी डोळे उघडले. बनाबाई पायथ्याशी बसल्या होत्या. त्यांचा हात तळव्यावर होता, आणि तो भाजत नव्हता.