उजव्या बाजूची काजं

"हा कोट बाईचा आहे का बाप्याचा?" मास्तरांनी कोट झटकून सुनेच्या तोंडासमोर धरला. "बोल ना. बाप्याच्या कोटाला काजं कुठल्या अंगाला असतात?"

"डाव्या," सून म्हणाली.

"आणि ही कुठंयत?"

 सुनेने हातातली इस्त्री उभी करून ठेवली.

"उजव्या! एक नाही, तिन्हीच्या तिन्ही उजव्या! दगड आहेस तू, दगड. दगडावर निदान धुणं तरी आपटता येतं. तुझा तर तेवढाही उपयोग नाही!"

बाकावर बसलेले तरुण गिऱ्हाईक मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघू लागले. उद्या सकाळी त्याची नोकरीची मुलाखत होती आणि हा त्याचा जन्मातला पहिला कोट होता.

मास्तरांची बायको मशीनच्या मागे उभी होती. बोटात अंगुस्तान, सुईत काळा दोरा. ती काजं तिने कापली होती, काल संध्याकाळी. सुनेने त्या कोटाला हातसुद्धा लावला नव्हता.

चुकीची शिलाई उसवता येते. काज चुकले तर इलाज नसतो, कारण तिथले कापडच कापलेले असते. म्हणून काज कापण्याआधी ती कोट स्वतःच्या छातीला लावून डावे-उजवे बघायची. काल बघितले नाही. काल तिचे डोके त्या पुस्तकात होते.

वाचनालयात दुपारी प्रौढ बायकांचा वर्ग भरे. ती वर्षभर तिथे जात होती. हल्ली वर्गाच्या बाईंनी तिला एक जाड कादंबरी घरी न्यायला दिली होती, लढाईची. तिच्यात एक रंगरूट होता. हवालदार त्याला उठता-बसता शिव्या घालायचा आणि दगड म्हणूनच हाक मारायचा. हळूहळू सगळी पलटण त्याला तेच म्हणू लागली. वर्गात ते पान वाचायची पाळी तिच्यावर आली, तेव्हा एरवी एकेका जोडाक्षराला ठेचाळणारी ती हवालदाराचे बोलणे न अडखळता वाचून गेली. बायका हसल्या. "अगंबाई, घडाघडा वाचलंत की!" बाईंनी शाबासकी दिली. तीही हसली. घरी येताना मात्र तिला कळले, की ते तिला वाचावे लागलेच नव्हते. ते सगळे तिला आधीपासून पाठ होते.

काल दुपारी मास्तर झोपले असताना तिने सुनेला पुढचे वाचून दाखवले. तो पोरगा जखमी होऊन तंबूत पडलेला असतो. डॉक्टर विचारतो, नाव काय तुझं? तो आठवतो, आठवतो आणि म्हणतो, दगड. तिच्या डोळ्यांना पदर लागला.

"बाकीचे मेले काय करत होते गं?" ती सुनेला म्हणाली होती. "एवढी रांगच्या रांग उभी. एकाच्याही तोंडाला जीभ नव्हती?"

त्याच तंद्रीत तिने कात्री चालवली होती.

"हिला विचार," मास्तर आता तिच्याकडे हात करून सुनेला सांगत होते. "तुझी सासू. आयुष्यभर काजं करतेय. एक काज कधी इकडचं तिकडं झालं नाही. हात आहे तिचा, हात! अशी काजं या बाजारात कुणाची नाहीत."

तिला वाटले, आपण चुकीचे ऐकले. मास्तर तिच्याविषयी बोलत होते, आणि तेही गिऱ्हाइकासमोर. लग्न झाल्यापासून असे वाक्य त्यांच्या तोंडून आले नव्हते. तिचा चेहरा गरम झाला. पोरीसारखी तिने मान खाली घातली. बोलायचे म्हणून उघडलेले तोंड तसेच मिटले. आज त्या शिव्या दुसऱ्या कुणावर पडत होत्या आणि तिला बरे वाटत होते. होय, बरेच वाटत होते.

"उरलेल्या कापडातून नवी बाजू काढतो, साहेब," मास्तर गिऱ्हाइकाला म्हणाले. "बसा जरा, परत माप घेतो. धोका नको."

सून आत गेली. थोड्या वेळाने तीही गेली. सून मोरीपाशी तोंड धूत होती. रडली नव्हती. नुसतेच पाणी मारत होती.

"अगं," ती म्हणाली, "ती काजं..."

"माहितीये, आई. तुमची वीण मला ओळखू येत नाही का?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर ते सगळं तुमच्यावर आलं असतं. तुम्ही काय कमी ऐकलंय?" सुनेने टॉवेलला तोंड पुसले. "आणि खरं सांगू? मला वाटलं, तुम्ही बोलाल."

ती तिथेच उभी राहिली. काल रांगेतल्या शिपायांना मेले म्हणाली होती, ते दोघींनाही आठवत असणार. सुनेने ते काढले नाही. काढले असते तर बरे झाले असते.

बाहेर मास्तर गिऱ्हाइकाच्या छातीवर टेप लावून उभे होते. ती पडद्यातून पुढे आली.

"अहो. काजं मी कापली."

"काय?"

"मी कापली. काल. तिनं हातही लावला नाही कोटाला."

मास्तरांचा टेप खाली आला. तिने खांदे आवळून घेतले. आता काय येणार ते तिला ठाऊक होते. गाढवापासून सुरू होऊन म्हातारपणीच्या बाराखडीपर्यंत. त्याची तिला सवय होती. खरे तर ते यावे अशीच तिची इच्छा होती.

पण मास्तरांनी पडद्याकडे पाहिले. तिथे सून उभी होती. गिऱ्हाइकाने पहिल्यांदाच बुटांवरून नजर वर उचलली होती. मास्तर टेप गळ्यात टाकत म्हणाले,

"मग मघाशी का नाही बोललीस?"

आवाज चढला नव्हता. खरोखरच विचारत होते. तिच्याकडे उत्तर होते; पण ते कसे सांगणार? तुम्ही मला चांगले म्हणालात म्हणून?

"चूक झाली," ती म्हणाली.

"ते दिसतंय," मास्तर म्हणाले आणि कापड पसरून खडूने रेघा मारू लागले. सुनेला ते काही म्हणाले नाहीत. झाले गेले सोड, एवढेसुद्धा नाही.

गिऱ्हाईक गेल्यावर ती कोट मांडीवर घेऊन बसली. बिघडलेली उजवी बाजू मोकळी करायची होती. खांदा, कुशीची शिवण, अस्तर. ब्लेडच्या टोकाने ती एकेक टाका उचलू लागली. सून समोर इस्त्री करत होती. एरवी अशा वेळी ती दुसरे टोक ओढून घ्यायची आणि दोघी बोलत बोलत मधे भेटायच्या. आज ती आली नाही.

उन्हे उतरली. काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसेना, तशी ती मांडीवरचा कोट डोळ्यांशी नेऊ लागली. उठून दिवा लावायचे तिच्या मनात आले नाही. सुनेने इस्त्री उभी केली, भिंतीपाशी जाऊन बटण दाबले आणि परत आपल्या कपड्यांकडे वळली.

तिने पुढचा टाका उचलला.